ककणेराचा पत्ता

संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून सकाळच्या उन्हात मोठा काळा-पांढरा पक्षी जातो, तेव्हा तो दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा ‘हुश्श, हुश्श’ असा आवाज झाडांवरून सरकत येतो आणि परड्यात लाकडं रचणारी बाई मान वर न करता सांगते, ‘ककणेर गेला.’ दोन-चार खाड्या ओलांडून दक्षिणेला उतरलं, की त्याच पक्ष्याला ‘माडगरुड’ म्हणतात, कुठे नुसतंच ‘गरुड’. पुस्तकात त्याचं नाव धनेश. कोकणाने या पक्ष्याला इतकी नावं दिली, कारण तो कोकणाच्या अंगणावरून रोज जात होता. त्याला पाहायला कुणाला अभयारण्यात जावं लागत नव्हतं.

अडचण अशी, की या नावांत चार वेगवेगळे पक्षी एकत्र बसले आहेत. त्या चौघांची घरं वेगळी आहेत आणि त्यांच्यावर येणारं संकटही सारखं नाही. ‘आमच्याकडे धनेश आहेत’ हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्यात अभिमानाने बोललं जातं आणि ते खरंही आहे. पण कोणता धनेश, हे विचारल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही. पक्षी ओळखणं हा दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींचा खेळ आहे, असा एक समज आहे. धनेशाच्या बाबतीत तरी तो सोडून द्यायला हवा, कारण इथे ओळख चुकली की राखण चुकते.

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांतला राखी धनेश बहुतेकांनी पाहिलेला असतो, कारण तो मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरच्या वडा-पिंपळांवरही दिसतो. घारीएवढा, मळकट राखाडी, लांब शेपटीचा. चोचीवर लहानसं टोकदार काळं शिंग. शेपटीच्या टोकाला पांढरं आणि त्याच्या आत काळा पट्टा. हा कोरड्या, मोकळ्या मुलखाचा पक्षी आहे. माणसाच्या शेजाराची त्याला फारशी अडचण वाटत नाही, म्हणूनच चौघांत त्याची चिंता सर्वांत कमी.

त्याच्यासारखाच दिसणारा, पण अगदी वेगळ्या घरचा, तो मलबारी राखी धनेश. याच्या चोचीवर शिंग नसतंच. ओळखीची ही पहिली खूण आणि ती कधी दगा देत नाही. नराची चोच नारिंगी, मादीची फिकट पिवळी आणि तळाशी काळा डाग. डोळ्यांवरून मागे जाणारी रुंद पांढरी भुवई. आणि आवाज असा, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रानात कुणी वेड्यासारखं खदाखदा हसतंय असं वाटावं. हा पक्षी सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याखेरीज जगात कुठेही नाही. २०२० साली जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात गेली. राखी धनेश समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करणं म्हणजे जगात दुसरीकडे न मिळणारी गोष्ट सर्वत्र मिळते असं समजण्यासारखं आहे, आणि ही चूक रोज होते.

तिसरा म्हणजे खरा ककणेर, मलबारी कवड्या धनेश. पाठ आणि मान काळी कुळकुळीत, पोट पांढरं, पिवळट चोचीवर कुऱ्हाडीच्या पात्यासारखं मोठं शिंग आणि त्यावर काळा डाग. बसलेला असताना नर-मादी ओळखायची तर डोळ्याभोवतीची कातडी पाहायची: नराची निळसर काळी, मादीची फिकट, पांढरट गुलाबी. उडताना मात्र शेपटीकडे लक्ष द्यायचं. मधली पिसं काळी, कडेची पूर्ण पांढरी. ईशान्य भारतात आणि हिमालयाच्या पायथ्याशी याचा एक भाऊबंद आहे, त्याच्या शेपटीच्या कडेच्या पिसांची फक्त टोकं पांढरी असतात. एका शेपटीवरून दोन प्रदेश वेगळे काढता येतात.

चौथा महाधनेश. सव्वा मीटरपर्यंत लांबी, दीड मीटर पसरणारे पंख. वरून खोलगट असलेलं भलं मोठं पिवळं शिंग. काळ्या पंखावर पांढरा पट्टा, पण तो बहुधा पिवळसर दिसतो, कारण शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल हा पक्षी चोचीने पंखांना आणि मानेला चोळतो. शेपटी पांढरी, तिच्यावर एकच काळा आडवा पट्टा. नराचे डोळे लाल, मादीचे पांढरे. कवड्या आणि महाधनेश यांची गल्लत होते ती दोघेही काळे-पांढरे-पिवळे म्हणून. पण महाधनेशाची मान फिकट असते आणि पंखाच्या मधोमध पट्टा असतो. ककणेराची मान काळी आणि पांढरी कड फक्त पंखाच्या मागच्या बाजूला. एवढं लक्षात ठेवलं, तर उडत्या पक्ष्याचं नाव सांगता येतं. सह्याद्रीत, हिमालयाच्या पायथ्याशी आणि तिथून पार सुमात्रापर्यंत महाधनेशाचा मुलूख आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तो मोजकाच.

आता मुलखाचाच प्रश्न घ्यावा, कारण खरी फसगत तिथे आहे.

पक्ष्यांच्या कोणत्याही पुस्तकात प्रत्येक जातीशेजारी भारताचा छोटा नकाशा असतो. मलबारी कवड्या धनेशाच्या नकाशात पश्चिम किनाऱ्याला लागून एक पट्टा रंगवलेला असतो, मध्य आणि पूर्व भारतातल्या जंगलांवर आणखी काही ठिपके असतात आणि श्रीलंकेवर रंग असतो. त्या किनारपट्टीत रत्नागिरी येतो. हा पट्टा सलग दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, चिपळूणपासून राजापूरपर्यंत कुठेही उभं राहिलं तरी हा पक्षी असणारच. पण तो रंग फक्त एवढंच सांगतो, की या चौकटीच्या बाहेर पक्षी शोधू नका. चौकटीच्या आत तो नेमका कुठे राहतो, हे सांगायला नकाशाकडे जागाच नाही. प्रदेश वेगळा आणि अधिवास वेगळा. प्रदेश जिल्ह्यात मोजता येतो. ककणेराचा अधिवास मात्र झाडात मोजावा लागतो, आणि तोही झाडातल्या एका भोकात.

धनेश घरटं बांधत नाही. सुतारपक्ष्यासारखं खोड कोरण्याची ताकदही त्याच्या चोचीत नाही. ती चोच दिसायला अवजड, पण वरचं शिंग आतून पोकळ. त्याला तयार ढोली लागते. ढोली अशी एका पावसात होत नाही. जुन्या झाडाची जाड फांदी वादळात मोडते, जखमेतून बुरशी शिरते, आतलं लाकूड कुजतं, सुतार किंवा तांबट टोच्या मारतो, आणि कित्येक वर्षांनी दीड-दोन हात खोल अशी जागा तयार होते, जिच्यात एवढा मोठा पक्षी मावतो. अशी पोकळी लहान झाडात बसतच नाही. कोकणात ती मिळते जुन्या बेहड्यात, दोन माणसांच्या कवेत न येणाऱ्या रायवळ आंब्यात, देवराईतल्या पुरातन खोडांत. कलमी हापूसच्या बागेत ती मिळणार नाही, कारण कलम बुटकं, छाटलेलं, कुजकी फांदी वेळेवर काढून टाकलेलं. बागायतदाराने चांगली बाग राखली म्हणजे ढोली नाहीच.

त्या ढोलीत जे घडतं, ते पक्षिजगतात फार थोड्या ठिकाणी घडतं. मादी आत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने, खाल्लेल्या फळांच्या लगद्याने तोंड लिंपून घेते. उरते ती चोचीची टोकं बाहेर येतील एवढी उभी फट. आत ती अंडी घालते, उबवते आणि त्याच काळात उडण्याची पिसं गाळते. म्हणजे काही आठवडे ती उडूच शकत नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट एकट्या नरावर. तो दिवसभर वड, पिंपळ, उंबर, पायरीची फळं गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून देतो. मधूनच सरडा, टोळ, एखादं पक्ष्याचं पिल्लू. नर मेला, तर आतला संसार उपाशी मरण्याची वेळ येते. जानेवारीपासून जूनपर्यंत, जातीनुसार थोडं मागेपुढे, हा काळ असतो.

आणि कोकणात झाडं तोडायचा काळही हाच. पावसाळा संपला, रस्ते सुकले, की ट्रक आत जाऊ लागतात. मे अखेरपर्यंत माल बाहेर काढायचा असतो. करवत चालवणाऱ्या माणसाला खोडात चाळीस फुटांवर लिंपलेली फट दिसत नाही. दिसली तरी ती काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. झाड पडतं तेव्हा पिसं गाळून बसलेली मादी आतच असते.

१८९४ साली कारवारहून एक महाधनेशाचं पिल्लू मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत आलं. त्याचं नाव विल्यम ठेवण्यात आलं. तो तिथे सव्वीस वर्षं राहिला आणि १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळून मेला. नाही तर आणखी जगला असता. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे, मुख्यालयाचं नाव हॉर्नबिल हाऊस आहे आणि नियतकालिकाचं नाव हॉर्नबिल. ही गोष्ट बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात रत्नागिरीसाठी एक इशारा आहे. धनेश दीर्घायुषी आहे. ज्या जोडीचा बेहडा तोडला गेला, ती जोडी लगेच नाहीशी होत नाही. पुढची कित्येक वर्षं ती गावावरून ‘हुश्श, हुश्श’ करत जात राहते, उंबरावर उतरते, फोटोत येते. गावाला वाटतं, आपल्याकडे धनेश चांगले आहेत. निरीक्षकाची नोंदवही भरते. पिल्लू मात्र एकही झालेलं नसतं. पक्षी दिसतो याचा अर्थ पक्षी टिकला असा घेणं ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मग पक्षी मोजण्यापेक्षा ढोल्या मोजायला हव्यात. देवरुखच्या सह्याद्री संकल्प सोसायटीने नेमकं हेच काम हाती घेतलं आहे: गावकऱ्यांच्या मदतीने धनेशाची घरट्याची झाडं शोधायची, नोंदवायची, राखायची. हे काम संस्थेच्या चार कार्यकर्त्यांवर सोडून देण्याजोगं नाही. ते सरकारी दप्तरात यायला हवं, आणि त्यात अडसर आहे तो जमिनीचा.

रत्नागिरी हा जंगलांचा जिल्हा दिसतो, पण त्यातलं वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं. बहुतेक झाडी खासगी मालकीची, उरलेली देवरायांची. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, चांदोली आणि कोयनेची जंगलं त्यात आली, ही मोठीच गोष्ट झाली. पण ते रान घाटमाथ्याला आणि त्याच्या उतारांना धरून आहे. मलबारी कवड्या धनेश मुख्यतः सखल मुलखाचा. त्याला खालचं दमट रान, नदीकाठ, वाडीमागची राई लागते. वर कितीही कडक पहारा बसवला, तरी ककणेराचं घर खाली, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे.

तो सातबारा उघडला की कोकणाचं दुखणं समोर येतं. एका तुकड्यावर वीस-पंचवीस नावं. निम्मी मंडळी मुंबईत, काही ठाण्यात, एखादं नाव वारलेल्या आजोबांचं तसंच राहिलेलं. चुलत्या-पुतण्यांत वाटणी झालेली नाही. जमीन पिकत नाही, कारण कसायला माणूस नाही. अशा वेळी ठेकेदार येतो आणि उभ्या झाडांचा ठोक भाव सांगतो. त्यात सगळं येतं, किंजळ, ऐन, आंबा, बेहडा, जळाऊ आणि इमारती. घरदुरुस्ती, गणपतीचा खर्च, पोरीचं लग्न यांपैकी काहीतरी डोक्यावर असतंच. मालकाला लोभी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. ज्या झाडाचं मोल फक्त लाकडात मोजलं जातं, ते लाकूड म्हणूनच विकलं जाणार.

कायदे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, ककणेर आणि महाधनेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. धनेशाला मारणं गुन्हा आहे. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं, या खुळ्या समजापायी पूर्वी त्याची शिकार होत असे. तशी बाटली विकणारा आजही आढळला तर पोलिसांकडे जावं. महाराष्ट्राचा वृक्षतोड विनियमन कायदा १९६४ चा. त्याच्या यादीतली आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण हा कायदा झाडाची जात विचारतो. त्याच्या पोटात कोण राहतं, हे विचारत नाही. एक कायदा पक्षी पाहतो, दुसरा झाड पाहतो. ढोली दोघांच्या मधे राहून जाते.

इथे सरकारने एक साधी गोष्ट करावी. तोडीच्या परवानगीआधी जो पंचनामा होतो, त्यात एक रकाना वाढवावा: झाडात ढोली आहे काय, असल्यास वापरात आहे काय. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, वनपालाला दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरे. लिंपलेली फट, खाली पडलेल्या बियांचा थर, विष्ठेचे ओघळ, ही खूण एकदा दाखवली की विसरत नाही. बुंध्याशी पडलेल्या बिया तर पुरावाच असतात: उंबराच्या बारीक, चंदनाच्या गोल, काजऱ्याच्या चपट्या बटणासारख्या. काजऱ्याची बी विषारी, स्ट्रिक्नीन तिच्यातूनच काढतात. पण धनेश वरचा गर खातो आणि बी सबंध बाहेर टाकतो. त्याचं काहीच बिघडत नाही. जंगलातल्या मोठ्या बियांची फळं सबंध गिळून दूर नेऊन टाकणारे पक्षी मोजके आहेत, धनेश त्यांतला पहिला.

आणि जानेवारी ते जून या काळात ढोलीचं झाड तोडायला परवानगीच देऊ नये. एवढं तरी लगेच करता येईल.

मालकाचं काय, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तरंही आहेत. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला न्यीशी समाज राहतो. त्यांच्या पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच असे. आता तिथे तंतुकाचेची नक्कल चोच लावतात, आणि २०११-१२ पासून त्याच गावांतली माणसं घरट्यांची राखण करतात. शहरातली माणसं एकेक घरटं ‘दत्तक’ घेतात, त्या पैशातून राखणदाराला पगार मिळतो. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद या शास्त्रज्ञ बाईंनी तर पिल्लं चोरणाऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केलं. कोणतं झाड कोणत्या डोंगरावर आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या कर्नाटकाने २०११ मध्ये दांडेलीला काळी नदीच्या काठी धनेशासाठीच संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. आज दांडेलीत माणसं धनेश पाहायला मुक्कामाला जातात, त्यावर घरं चालतात.

रत्नागिरीला लांबचं उदाहरण शोधायचीही गरज नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवाची अंडी खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या बायकांच्या हातचं जेवतात. ज्या जिल्ह्याला कासव राखता आलं, त्याला ककणेर राखणं अवघड नाही. फरक इतकाच, की किनारा सगळ्यांचा होता आणि बेहडा एकेकाचा आहे. म्हणून बेहड्याच्या मालकाला ते झाड उभं ठेवल्याबद्दल दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायला हवी. जिल्हा नियोजनाच्या खर्चात शंभर झाडांची रक्कम एका पाटीच्या आणि एका प्रवेशद्वाराच्या खर्चाहून जास्त होणार नाही.

देवरायांचा वेगळा विचार हवा. कोकणातल्या कित्येक देवराया देवाच्या धाकाने टिकल्या. आता देवळांचे जीर्णोद्धार होतात, सभामंडप मोठे होतात, गाडी आतपर्यंत यावी म्हणून रस्ता होतो, आणि त्या रस्त्यावर नेमकं जुनं खोड येतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वड आणि आंबे गेले, ते परत येणार नाहीत. देवळाला लागणारी जागा मोजताना राईतल्या ढोल्याही मोजाव्यात, हे गावपंचांनी ठरवायचं आहे. देव तिथेच राहील. राईत ककणेर आला तर कौल लागला, असं मानणारी म्हातारी माणसं आजही भेटतात. त्यांना सभेत बोलवावं.

आणि शेवटी पुन्हा नावं. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात ‘धनेश’ एवढाच शब्द लिहून भागणार नाही. गावात चोचीवर शिंग नसलेला, हसल्यासारखा ओरडणारा आहे काय? मान काळी की पांढरी? कडेची शेपटी पूर्ण पांढरी की टोकाला? मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश सिद्ध केला, तेव्हा ठिकठिकाणची बोलीतली नावं त्यात गोळा केली. त्याच वाटेने प्रत्येक गावाने आपलं नाव, आपलं झाड आणि झाडाचा सर्व्हे नंबर एका ओळीत लिहावा. शाळेतली सातवी-आठवीची मुलं हे काम महिनाभरात करतील. त्यांचे आजोबा झाडं दाखवतील.

येत्या जानेवारीत माद्या ढोल्या हुंगू लागतील. नर त्यांच्या मागे उंबराची फळं घेऊन हिंडतील. तोडीच्या हंगामातले अर्जही त्याच सुमारास वनक्षेत्रपालाच्या टेबलावर येतील. त्याआधी त्या टेबलावर संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूण या तालुक्यांतल्या ढोलीच्या झाडांची गाववार यादी असायला हवी, आणि परवानगीवर सही करणाऱ्याने ती आधी उघडायला हवी.